बटण श्रोत्याच्या हातीं

१९५२ सालच्या डिसेंबर महिन्यापासून, दर बुधवारीं रात्रीं आठाच्या सुमारास, मुंबईच्या चाळींतून आणि पुण्याच्या वाड्यांतून एकाच प्रकारचा देखावा दिसूं लागला. ज्या एखाद-दुसऱ्या बिऱ्हाडीं नभोवाणीचा संच असे, तेथें शेजारपाजारचीं माणसें जमत. संच भिंतीवरील फळीवर, विणलेल्या आच्छादनाखालीं, घरांतील एखाद्या दागिन्यासारखा जपलेला असे. त्याचे आंतील दिवे तापून आवाज उमटावयास कांहीं क्षण लागत. मग घरांतील एखादा हुशार मुलगा बटण अगदीं हलक्या हातानें फिरवी आणि शिट्या, खरखर व परक्या भाषांतील बडबड यांच्या गर्दींतून समुद्रापलीकडचें कोलंबो केंद्र शोधून काढी. तें सांपडलें म्हणजे सर्वांचे चेहरे उजळत. मध्येंच आवाज बुडे, पुन्हां वर येई. तरीहि कोणी उठत नसे.

वस्तुतः एवढा खटाटोप करण्याचें कांहीं कारण नव्हतें. सरकारची नभोवाणी हांकेच्या अंतरावर होती. तिचा ध्वनि स्वच्छ येई, आणि वर्षाकांठीं परवान्याचे पैसे भरावयाचे तेहि याच देशाच्या तिजोरींत. असें असतां जवळचें व स्वच्छ तें सोडून लोकांनीं दूरचें व खरखरीत तें कां पत्करलें? कोणतें साधन माणूस जवळ करतो, कोणतें दूर लोटतो आणि कां, या प्रश्नाचा विचार करावयाचा तर या एका उदाहरणाइतकें बोधप्रद उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

१९४७ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां सरकारी नभोवाणीचीं केंद्रें अवघीं ६ होतीं आणि साऱ्या देशांत मिळून सुमारें पावणेतीन लाख संच होते. १९५२ सालीं माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रें डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांच्या हातीं आलीं, आणि तीं १९६२ पर्यंत त्यांच्याकडे राहिलीं. डॉ. केसकर हे विद्वान् व अभिजात संगीताचे कळकळीचे अभिमानी. संस्थानें विलीन झालीं होतीं; राजेरजवाड्यांच्या आश्रयावर जगणारे गायक-वादक उघड्यावर पडले होते. त्यांना नवा आश्रयदाता हवा होता आणि तो नभोवाणीनें व्हावें अशी त्यांची धारणा होती. त्याच वर्षीं शनिवारीं रात्रीं संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. १९५४ पासून नभोवाणीचें संगीत-संमेलन भरूं लागलें. हें कार्य लहान नव्हे. आज ज्या थोर गवयांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर रसिक जीव टाकतात, त्यांपैकीं कितीतरी त्या खात्याच्या भांडारांतूनच बाहेर आलीं आहेत, हें डॉ. केसकरांवर टीका करणारे सोयीस्करपणें विसरतात.

परंतु दुसऱ्या बाजूस चित्रपटगीतांविषयीं त्यांचें मत प्रतिकूल होतें, आणि त्यांतच एक वाद उपस्थित झाला. गाणें लावतांना चित्रपटाचें नांव सांगणें म्हणजे त्याची फुकट जाहिरात करणें होय, म्हणून केवळ गायकाचें नांव सांगावें असें खात्यानें ठरविलें. निर्मात्यांना तें रुचलें नाहीं. त्यांनीं गाणीं वाजविण्याची परवानगी काढून घेतली. खात्यालाहि फारसें वाईट वाटलें नसावें. परिणामीं चित्रपटगीतें सरकारी नभोवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. नेमकें त्याच सुमारास कोलंबोच्या नभोवाणीचा व्यापारी विभाग हिंदी कार्यक्रम करीत होता. युद्धकाळांत दोस्त सैन्यासाठीं उभारलेला प्रबळ ध्वनिक्षेपक त्याला आयताच मिळालेला होता. लघुलहरींवरून त्याचा आवाज साऱ्या हिंदुस्थानभर पोंचे. तेथून ३ डिसेंबर १९५२ रोजीं 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ती सादर करणारे अमीन सयानी मुंबईंत बसून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत, तो कोलंबोस पाठविला जाई, आणि समुद्रापलीकडून पुन्हां मुंबईलाच ऐकूं येई. मुंबईकरांना मुंबईचाच आवाज ऐकण्यासाठीं लंकेपर्यंत वळसा घ्यावा लागावा, ही मौज खातें सोडून सर्वांना कळत होती.

या घटनेचा एक सोपा अर्थ सांगितला जातो. लोकांना हलकें आवडतें, भारी पेलत नाहीं. गोड खाऊं घातलें तर मूल भाजी कशाला खाईल, असा त्याचा भावार्थ. मंत्र्यांचे कैवारीहि तेंच म्हणत, फक्त दुःखानें. व्यापारीहि तेंच म्हणत, फक्त आनंदानें. पण तो खरा आहे काय? १९५३ सालींच पुण्यांत भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. ज्या पुण्यांतील कांटे बुधवारीं कोलंबोवर स्थिर होत, त्याच पुण्यांतील माणसें थंडीच्या दिवसांत शाल पांघरून, बैठकीवर मांडी घालून, पहाटेपर्यंत ख्याल ऐकूं लागलीं. त्याहून मागें जावें तर संगीत नाटकांचा काळ डोळ्यांपुढें येतो. बालगंधर्वांच्या नाटकाला जाणाऱ्या कारकुनाला रागाचें नांव ठाऊक नसे, परंतु तो भीमपलासांत पांच-सहा तास रंगून जाई. भारी संगीत त्याला पेलत नव्हतें असें कोण म्हणेल?

म्हणजे आवड हलकी कीं भारी, हा प्रश्न येथें नाहीं. प्रश्न निराळा आहे. माणूस जेव्हां एखाद्या ठिकाणीं ऐकावयास वा पाहावयास जातो, तेव्हां तो न बोलतां एक गोष्ट पाहतो: येथें माझ्यासाठीं जागा ठेवलेली आहे काय? मला येथें कांहीं करावयाचें आहे, कीं केवळ घ्यावयाचें आहे?

कीर्तनाचेंच पाहावें. हरिदास देवळांत उभा राहतो, पूर्वरंगांत निरूपण करतो, उत्तररंगांत आख्यान लावतो. आख्यान श्रोत्यांना ठाऊकच असतें. द्रौपदीस वस्त्रें मिळणार हें मागें बसलेल्या आजीबाईस हरिदासाइतकेंच माहीत असतें. तरी ती दरवर्षीं येते. कारण मध्यें मध्यें हरिदास थांबतो आणि नामाचा गजर करावयास सांगतो. त्या क्षणीं आजीबाई श्रोती राहत नाहीं. ती कीर्तनाचा एक भाग होते. टाळी तिची, गजर तिचा. शेवटीं आरतीच्या ताटांत टाकावयाचा पैसाहि तिचाच.

नाटकगृहांत याच गोष्टीचें नांव 'वन्स मोअर' असें होतें. हे दोन इंग्रजी शब्द ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता अशाहि लोकांनीं आपलेसे केले होते. एक पद दोनदां, तीनदां, कधीं त्याहून अधिक वेळां म्हणवून घ्यावें आणि नाटक पहाटे संपावें, याला नाट्यशास्त्राच्या दृष्टीनें दोष देणारे टीकाकार पुष्कळ झाले. कथानकाचा विचका होतो हें त्यांचें म्हणणें खरेंच आहे. पण पिटांत बसलेल्या माणसाला कथानकाहून एक मोठी गोष्ट हातीं लागत असे. महाराष्ट्राचा सर्वांत लाडका गायक-नट त्याच्या सांगण्यावरून मागें वळत होता व तेंच पद नव्यानें रंगवीत होता. तिकिटाचे पैसे वसूल झाले ते तेथें.

१९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि पांच-दहा वर्षांत नाटकमंडळ्यांची वाताहत झाली. बोलपट स्वस्त होता, दिवसांतून अनेकदां दाखवितां येत होता, गांवोगांवीं बिऱ्हाड हलवीत फिरत नव्हता. हीं कारणें उघड आहेत. परंतु त्यांच्या पोटांत एक लहानशी हकीकत दडलेली आहे, ती अधिक बोलकी आहे. १९३५ सालीं बालगंधर्व स्वतः 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' या बोलपटांत उतरले व त्यांनीं एकनाथमहाराजांची भूमिका केली. नट तोच, गळा तोच, प्रेक्षकहि तेच. पण पडद्यावरचा गायक थांबत नाहीं, मागें वळत नाहीं, 'वन्स मोअर' त्याला ऐकूं येत नाहीं. जें नाटकगृहांत मिळत असे तें लोकांना तेथें मिळालें नाहीं, आणि चित्रपटाचा हा नाद सोडून बालगंधर्व थोड्याच वर्षांत पुरतेपणीं रंगभूमीकडे परतले. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३६ सालीं, त्याच 'प्रभात'चा 'संत तुकाराम' आला. त्यांतील विष्णुपंत पागनीस हेहि एके काळीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले. परंतु हा चित्रपट मुंबईस एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला. त्याच्या कलागुणांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. व्हेनिसच्या महोत्सवांतहि त्याचा गौरव झाला. पण त्या गर्दीचें एक कारण साधें आहे. अभंग प्रेक्षकांच्या ओठांवर होते. पडद्यावर तुकारामानें तोंड उघडलें कीं अंधारांत शेंकडों ओठ हलत. दामले-फत्तेलाल यांनीं प्रेक्षकाला त्याच्या ओळखीची जागा, कीर्तनांतली जागा, चित्रगृहांत दिली होती.

आतां पुन्हां १९५२ सालच्या त्या दोन नभोवाण्यांकडे पाहिलें असतां गोष्ट स्पष्ट दिसते. शनिवारच्या अखिल भारतीय कार्यक्रमांत गायन उत्तम असे, परंतु श्रोत्याचें तेथें काम काय? त्यानें गप्प बसावें व आपली अभिरुचि सुधारून घ्यावी. वर्गांत हें चालतें. तेथें दार लावलेलें असतें आणि हजेरीपट मास्तरांच्या हातीं असतो. येथें दार श्रोत्याचें, घर श्रोत्याचें आणि बटणहि श्रोत्याच्याच हातीं. खरी मैफल असती तर तोच गायक समोर बसलेल्या चार माणसांच्या मानेकडे पाहून एखादी जागा पुन्हां घेता. नभोवाणीच्या बंद खोलींत त्याला घड्याळाखेरीज पाहावयास कोणी नव्हतें. सवाई गंधर्वच्या मांडवांत मिळणारी ती दाद देण्याची जागा येथें नाहींशी झाली होती, आणि मग तोच राग घरांतील माणसांना परका वाटूं लागला.

उलट कोलंबोनें पहिल्या दिवसापासून श्रोत्याला काम दिलें. आरंभीं गीतमालेंत सात गाणीं वाजवीत, आणि त्यांचा कालानुक्रम लावून पाठविणारास शंभर रुपयांचें बक्षीस ठेवलें होतें. पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार पत्रें आलीं असें सयानी पुढें सांगत असत. १९५४ पासून गाण्यांना लोकप्रियतेप्रमाणें क्रम देण्याची पद्धत आली, आणि मग तर घराघरांत पक्ष पडले. अमुक गाणें या आठवड्यांत वर चढेल कीं घसरेल, यावर उपाहारगृहांत वाद होऊं लागले. गाणें तर इराण्याकडे तबकडीवरहि ऐकावयास मिळे. बुधवारची बैठक होती ती निकालासाठीं, आणि त्या निकालांत आपलेंहि मत आहे या भावनेसाठीं. दंतमंजनाच्या व्यापाऱ्याला हें मंत्र्यांच्या आधीं कळलें, यांत शरमण्यासारखें कांहीं असेल तर तें व्यापाऱ्याकडे नाहीं.

सरकारी नभोवाणीला हें साधलेंच नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. चित्रपटगीतांच्या जागीं कांहीं तरी हवें म्हणून केंद्राकेंद्रांतून सुगम संगीत निर्माण करण्याचा उपक्रम त्याच धोरणांतून निघाला. त्यांतील बहुतेक गाणीं आज कोणाला आठवत नाहींत; तीं कोणत्या वारीं लागत हेंहि कोणाला ठाऊक नव्हतें. परंतु १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, पुणें केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालें. हें केंद्र अवघ्या दीड वर्षापूर्वीं, २ ऑक्टोबर १९५३ रोजीं, उघडलें होतें. केंद्राचे अधिकारी सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचीं गीतें, सुधीर फडक्यांचें संगीत. वर्षभर आठवड्यास एक गीत असा बेत होता. त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें वर्ष लांबलें, आणि रामनवमी ते रामनवमी मिळून ५६ गीतें झालीं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे नामांकित आवाज त्यांत लागले.

येथें एक गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. माडगूळकर व फडके हे दोघेहि चित्रपटांतले. ज्या गीतांना खात्यानें दार बंद केलें होतें त्यांचेच हे कर्ते पुढच्या दारानें आंत आले, आणि त्या नभोवाणीला महाराष्ट्रांत कधीं मिळालें नव्हतें असें यश त्यांनीं मिळवून दिलें. तेव्हां दोष चित्रपटाच्या मातींत नव्हता, आणि खात्याच्या भिंतींतहि नव्हता.

मग गीतरामायणांत असें काय होतें? काव्य रसाळ, चाली रागांवर आधारलेल्या तरी गळ्यावर चढणाऱ्या, हें तर झालेंच. परंतु त्या वर्षीं महाराष्ट्रांतील घरांत जें घडे तें पाहावें. प्रक्षेपण सकाळचें, स्नानें आटोपून घरांतील माणसें बसत. कितीएक घरीं संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत. गीताचे शब्द वृत्तपत्रांत छापून येत. ते कापून वह्यांत चिकटवून ठेवणाऱ्या गृहिणी शेंकड्यांनीं होत्या. ऐकतां ऐकतां चाल उतरवून घ्यावयाची, पुनःप्रक्षेपणाच्या वेळीं ती पडताळून पाहावयाची, आणि दुपारीं दळणकांडण-निवडटिपण करतांना म्हणावयाची. पुढील आठवड्यांत कोणता प्रसंग येणार हें सर्वांस ठाऊक. मात्र कवि तो कोणाच्या तोंडीं घालणार हें कोणासच ठाऊक नाहीं. घरोघरीं यावर तर्क चालत. जुन्या कीर्तनांतील टाळीची व गजराची जागा या वहीनें आणि या तर्कानें भरून काढली होती. पुढें दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं रामानंद सागर यांचें 'रामायण' दाखविलें जाऊं लागलें, तेव्हां रस्ते ओस पडले व पेटीला हार चढले. शहाणीं माणसें त्या भाबडेपणाला हंसलीं. महाराष्ट्रांतील वडीलधाऱ्यांना मात्र त्यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें. तो हार त्यांच्या घरांत बत्तीस वर्षांपूर्वींच येऊन गेला होता.

कथेचें वजन पुराणाचेंच पाहिजे असेंहि नाहीं. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या मालिकेंतील टेकाडे भावजी हे कांहीं अवतारी पुरुष नव्हते. महागाई, पाहुणे, घरांतील रुसवेफुगवे यांवर ते बोलत. पण ऐकणाऱ्या घरांतहि तीच महागाई व तेच पाहुणे असल्यामुळें भावजींच्या वाक्याला स्वयंपाकघरांतून उत्तर जाई. नभोवाणीला उत्तर ऐकूं येत नसेल. देणारीला तें दिल्याचें समाधान पुरे होई.

आणखी एक गोष्ट त्या काळाविषयीं बोलतांना विसरूं नये. घरांत संच एकच असे. आजोबांना बातम्या व भजन, सुनेला 'वनिता मंडळ', मुलांना कोलंबो, अशा ओढाताणींतून दिवसाची वांटणी होई. त्यामुळें नको असलेलेंहि कानांवर पडे. कोलंबोसाठीं ताटकळलेल्या मुलाला आजोबांचें भजन संपेपर्यंत थांबावें लागे, आणि त्या थांबण्यांत त्याला चार अभंग पाठ होऊन जात. आज प्रत्येकाच्या खिशांत स्वतंत्र पेटी आहे व प्रत्येकाच्या कानांत स्वतंत्र नळी. ज्याला जें हवें तें हव्या त्या क्षणीं मिळतें, आणि शेजारीं बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. ही सोय मोठी आहे. तिला नांवें ठेवणें हा म्हाताऱ्यांचा आवडता उद्योग असला तरी त्यांत फारसा अर्थ नाहीं. परंतु २०२० सालच्या मार्च महिन्यांत महामारीमुळें सारा देश घरांत कोंडला गेला असतां, दूरदर्शननें तेंच जुनें 'रामायण' पुन्हां दाखविलें, तेव्हां हीं माणसें नळ्या काढून ठेवून एका पडद्यासमोर येऊन बसलीं. तें त्यांना आपापल्या पेटींतहि सांपडलें असतें. त्यांना हवी होती ती एकत्र बसण्याची ठरलेली वेळ.

डॉ. केसकरांच्या खात्यानेंहि अखेर माघार घेतली, ती मात्र डौलानें. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं 'विविध भारती' सुरू झाली. तिच्यांत चित्रपटगीतांना मानाचें पान मिळालें, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे फर्माईशीची पत्रें आलीं. गाण्याआधीं तें मागणारांचीं नांवें व गांवें वाचून दाखवीत. नीटनेटका कार्यक्रम व्हावा असें वाटणाऱ्यांना ती नांवांची यादी कंटाळवाणी वाटे. गाणें तीन मिनिटांचें आणि नांवें पसाभर!

त्या यादींत एक गांव वारंवार येऊं लागलें, इतकें कीं तें खरोखर आहे कीं कोणी कल्पिलें आहे अशी शंका लोकांना येई. त्याचें नांव झुमरीतलैया. तें तेव्हांच्या बिहारांत, आजच्या झारखंडांत, अभ्रकाच्या खाणींच्या मुलुखांत वसलेलें आहे. मोठें शहर नव्हे. जगाच्या नकाशावर अभ्रकाच्या व्यापाऱ्यांखेरीज कोणी त्याला शोधीत नसे. तेथील माणसें पत्रांमागून पत्रें धाडीत. गाणें त्यांच्या पत्रावांचूनहि लागणारच होतें. तें त्यांना चांगलें ठाऊक होतें. त्यांना ऐकावयाचें होतें तें गाण्याआधींचें, आपलें व आपल्या गांवाचें नांव. ही चढाओढ तेथें एवढी वाढली कीं प्रतिस्पर्ध्याचीं पत्रें टपालांतच अडकवून ठेवण्यासाठीं कित्येकांनीं खटपटी केल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.